फक्त नारळ आणि मुलगी

दोष दाजिबाचा होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर शेवटी सगळे मिळून नशिबाच्या नावाने खडे फोडतात.

तर एका गावात हा दाजिबा राहायचा. वयाने मोठा, म्हणून शहाणा समजला जायचा. त्या गावातली धोंडाई नावाची बाई मरताना आपलं शेत गावाला देऊन गेली होती. शेताचं उत्पन्न मुलींच्या शिक्षणाला आणि अडलेल्या बाईला द्यावं, असं तिने कागदावर लिहून ठेवलं होतं. तो निधी दाजिबाच्या हातात होता. त्याने त्यातून वेशीवर कमान बांधली आणि वर स्वतःचं नाव टाकलं. सहावी-सातवी झाली की मुली घरी बसत. म्हातारे कमानीच्या सावलीत बसत.

गावातल्या छबूला एक स्थळ आलं. "हुंडा नको, मानपान नको. फक्त नारळ आणि मुलगी द्या," पाहुणे म्हणाले. मुलगी देण्याआधी मुलाचं घर बघून यायची गावाची रीत. पण छबूला बाप नव्हता. "घर कशाला बघायचं? माणसं देवासारखी आहेत," दाजिबा म्हणाला आणि पुढे होऊन त्यानेच लग्न लावलं.

दीड वर्षाने छबू पोलिसांच्या गाडीतून परत आली. चावडीवर उभी राहून तिने सांगितलं, "घर नव्हतंच. मला विकलं होतं. दार बाहेरून बंद असायचं. सातवीत बाईंनी मदतीचा नंबर पाढ्यासारखा पाठ करून घेतला होता. एक दिवस कुणाचा तरी फोन हाती लागला, म्हणून सुटले."

सगळे खाली बघत होते. छबू तेवढी समोर बघत होती.

"आबा, धोंडाईच्या निधीतून मला मदत द्या. दहावी करीन, पिठाची गिरणी टाकीन. दळण घेऊन येणाऱ्या पोरींकडून तो नंबर पाठ करून घेईन."

दाजिबा हसला. "निधी अडलेल्या बाईसाठी आहे. पडलेल्या बाईसाठी नाही."

"मी पडले नाही, आबा. मला ढकललं. अक्षता तुम्हीच टाकल्या होत्या."

म्हातारे एकेक करून उठायला लागले.

जाताना छबू एवढंच म्हणाली, "पुन्हा कुणी फक्त नारळ आणि मुलगी म्हणालं, तर आधी त्याचं घर बघा."

तालुक्याच्या एका संस्थेने तिला मदत दिली, परत न मागण्याच्या बोलीवर. कमानीच्या आत कुणी जागा देईना, म्हणून तिने फाट्यावर गिरणी टाकली. पोरी दळण घेऊन जाऊ लागल्या. दाजिबाने मात्र घरच्या बायकांना बजावलं, "तिच्या गिरणीची पायरी चढायची नाही."

दोन वर्षांनी दाजिबाची नात ऋतुजा अठराची झाली. तिला सहावीतच शाळेतून काढलं होतं. तिच्यासाठी पाहुणे आले. पांढरी गाडी, गोड बोलणं. "आबा, आम्हाला काही नको. फक्त नारळ आणि मुलगी."

सुनेने, म्हणजे ऋतुजाच्या आईने, दाजिबाला आत बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "मामंजी, एकदा घर बघून या ना."

एका दिवसाचं काम होतं. दाजिबाच्याही मनात पाल चुकचुकली होती. पण घर बघायला जाणं म्हणजे छबूचं ऐकणं. उद्या गाव हसलं असतं. "मला माणसं कळतात," तो म्हणाला आणि नारळ आणायला सांगितला.

लग्न झालं. नवरीची गाडी कमानीखालून फाट्यावर आली. पुढच्या सीटवर नवरदेवाचा मामा म्हणून एक माणूस बसला होता. छबूने त्याला ओळखलं. तिचं दार बाहेरून बंद करणारा तोच. पिठाच्या हातांनी ती गाडीसमोर आडवी झाली.

"ऋतुजा, उतर! खाली उतर!"

ऋतुजाचा हात दाराकडे गेला. तेवढ्यात मागून दाजिबा धावत आला.

"धरा रे हिला! सासरी निघालेल्या पोरीला अपशकुन करते!"

चौघांनी छबूला बाजूला ओढलं. गाडी गेली.

छबूने तिथूनच फोन लावला. पोलीस आले, त्यांनी दाजिबाला पाहुण्यांचा पत्ता विचारला. "आमची काही तक्रार नाही. पोरगी सुखात आहे," म्हणून त्याने त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

तिसऱ्या दिवशी ऋतुजाचा फोन लागेना. तेव्हा दाजिबा घर बघायला निघाला. दिलेल्या पत्त्यावर एक बंद पडलेलं गोदाम होतं.

परत येऊन तो गिरणीची पायरी चढला. "छबूताई, तो नंबर काय होता?"

"आता गावातल्या सगळ्या पोरींना पाठ आहे, आबा," छबू म्हणाली. "तुमच्या घरचं दळण तेवढं माझ्याकडे येत नव्हतं."

तरी फोन तिनेच लावला.

तात्पर्य: पोरींना शिकू द्या, आणि सुटून आलेलीला पायावर उभं करून तिचं ऐका, नुसतं वय झालं म्हणून कुणी शहाणा होत नाही. दाजिबाची नात अजून सापडलेली नाही.