शेऱ्यांची सतरंजी

एका राज्यात, जिथे तळ्याचे पाणी कधी आटत नसे, तिथे एक कौलारू कचेरी होती. लांबलचक, एकच ओसरी. हुकूम लिहिणारे, किल्ल्या सांभाळणारे आणि पाणी सोडणारे, तिन्ही खाती एकाच सतरंजीवर बसत. दुपारी शिदोऱ्या सुटत आणि ताकाचा गडू फिरून येईतो निम्मी कामे उरकलेली असत.

येसूचे वडील तिथले पाटकरी, तळ्याचे पाणी पाटाने शेतांत नेणारे. लहानगी येसू त्यांच्या पानात जेवी. त्या पानात सगळ्यांच्या चटण्या पडत.

पुढे दरबारात एक मांत्रिक आला. म्हणाला, "महाराज, बोलण्यात काम सांडते. ज्याचे खाते, त्याला बुरूज द्यावा." तीन बुरूज उठले. मांत्रिकाने उंबरठे मंत्रून ठेवले. आत जाईल त्याला आपल्या खात्यापलीकडची माणसे आठवू नयेत.

आता वडील नव्हते; येसूच पाटकरीण होती. तळे काठोकाठ, पण त्याच्या दरवाजाला कुलूप. खालच्या वाडीत भाताची रोपे पिवळी पडली. वाडीकर म्हणाले, "येसूबाई, तीन दिवस वाट पाहू. मग गाव सोडू."

पहिल्या दिवशी ती अर्ज घेऊन पाणीखात्याच्या बुरुजाशी गेली. सिदोजी म्हणाले, "दरवाजा उघडू. किल्ली आणा." त्यांनी शेरा मारला, 'पुढे पाठवावे.' शेरा पडताच कागद हातभर वाढला.

दुसऱ्या दिवशी किल्लीखात्याचे बहिर्जी म्हणाले, "किल्ली देऊ. हुकूम आणा." तोच शेरा. कागद पुरुषभर वाढला.

तिसऱ्या दिवशी हुकूमखात्याचे त्र्यंबकपंत म्हणाले, "हुकूम देऊ. तळ्यात पाणी किती, ते आधी पाणीखात्याने कळवावे."

"पंतकाका, मी येसू! तुमचं लिंबाचं लोणचं खाऊन वाढले मी."

"अर्जात तसा उल्लेख नाही."

पुन्हा शेरा. कागद चौकभर पसरला.

येसूला तो उचलवेना. ती त्यावरच मटकन बसली. तेवढ्यात जुन्या कचेरीच्या कौलांवरची म्हातारी साळुंकी खाली उतरली.

"रडतेस काय? बसायला ऐसपैस झालंय की. शिदोरी सोड."

येसूने पाहिले. कागद जुन्या सतरंजीएवढाच होता. तिने पाने मांडली, भाकरी आणि लसणाची चटणी वाढली, ताकाचा गडू मधे ठेवला. साळुंकीने पूर्वीची दुपारची हाक घातली, "सिदोजी, या! बहिर्जी, या! पंत, ताक आंबतंय!"

मंत्राने माणसे विसरली होती. पण भूक कोणत्याच खात्यात मोडत नाही, ती तेवढी मंत्रातून निसटली होती. तिघे म्हातारे जिने उतरले. उंबरठ्याबाहेर पाऊल पडताच पंत थबकले.

"अगं, पाटकऱ्याची येसू ना तू? केवढी झालीस!"

पहिल्याच घासाला सिदोजी म्हणाले, "तळं तर काठोकाठ आहे." पंतांनी कागदाच्या कोपऱ्यावर हुकूम लिहिला. बहिर्जींनी कमरेची किल्ली काढली.

"एवढंच होतं होय?" ते म्हणाले. ताकाचा गडू अजून दुसऱ्याच हातात होता.

तिन्ही उंबरठे मधोमध तडकले. संध्याकाळी पाणी वाडीत शिरले आणि बांधलेली बोचकी सुटली. राजाने मांत्रिकाला निरोपाचा विडा दिला, ओसरी पुन्हा शाकारली. बुरुजांत आता कबुतरे घुमतात.

ओसरीवरच्या पहिल्या दुपारी येसूने सवयीने एक पान जास्त मांडले, वडिलांचे. ती नुसतीच उभी राहिली.

पंत म्हणाले, "ती जागा पाटकऱ्याची. रिकामी ठेवायची नसते, पोरी. बैस."

येसू बसली. तिच्या पानात तीन चटण्या पडल्या.