डालग्याखालचा हेरंब

"मग तिन्ही उदमांजरं का मेली, महाराज? औषध तर एकही चुकलं नाही."

हेरंबच्या आवाजात दुःख कमी आणि गाऱ्हाणं जास्त होतं.

घाटमाथ्यावरच्या मठात लोक आजारी जनावरं आणून सोडत. हेरंब तिथं चार वर्षं होता. खरजेला करंजाचं तेल, ढाळ लागले तर मीठ-गुळाचं पाणी, दूध मात्र अजिबात नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. आपल्या हाताला गुण आहे, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतही असे.

पण त्या वर्षी रानात रात्री हिंडणारी तीन उदमांजरं त्याच्या हातात मेली. चौथं टोपलीत होतं. खरजेनं पाठ उघडी पडलेली, खाणं बंद. हेही गेलं तर मठ सोडायचा, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

दौलतपुरी महाराजांनी विचारलं, "दिवसातून किती वेळा बघतोस त्याला?"

"घटकाघटकेला. मांडीवर घेतो, कुरवाळतो. लोकांनाही दाखवतो. केळं तर मी स्वतः भरवतो."

"खातं?"

"नाही ना!"

महाराज उठले. अंगणातलं कोंबड्या झाकायचं मोठं डालगं उचललं आणि बसल्या जागी हेरंबवर पालथं घातलं.

थोड्या वेळानं त्यांनी डालगं वर केलं, हेरंबचा जबडा धरला, तोंडात शिऱ्याचा घास कोंबला, डोक्यावरून हात फिरवला आणि पुन्हा झाकलं. मग दर्शनाला आलेल्यांना हाक मारली, "या, बघा आमचा हेरंब!"

लोक वाकून वाकून बघू लागले. एका बाईनं फटीतून बोट घालून त्याला टोचूनही पाहिलं.

चौथ्या घासाला हेरंब ओरडला, "पुरे, महाराज! घशाखाली उतरत नाही!"

"साजूक तुपातला आहे."

"असू दे हो..."

महाराज ताटली घेऊन आत गेले.

हेरंब डालग्याखाली बराच वेळ बसून राहिला. त्याला लाज वाटली. मग बाहेर येऊन त्यानं टोपली मागच्या लाकडांच्या खोपीत, अंधारात ठेवली. वर घोंगडी टाकली. चार दिवसांतून एकदा तेल, रोज दिवेलागणीला केळं, आणि मुकाट्यानं निघून यायचं. बघायला आलेल्यांना तो दारातूनच परत लावी.

पहिल्या सकाळी घोंगडीच्या कडेखालून पाहिलं, तर केळं तसंच होतं. दुसऱ्या सकाळीही.

तिसऱ्या सकाळी नुसतं साल उरलं होतं. हेरंबचे डोळे भरून आले, पण घोंगडी त्यानं उचलली नाही.

दीड महिन्यानं, पाठीवर केस आल्यावर, त्यानं टोपली जंगलाच्या कडेला नेऊन उघडली. उदमांजर बाहेर आलं, समोरच्या झाडावर चढलं आणि पानांत दिसेनासं झालं.

हेरंब तोंड पाडून परतला.

"महाराज, इतकं केलं त्याचं... एकदा वळूनसुद्धा बघितलं नाही."

महाराजांनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"म्हणजे पुरतं बरं झालं."