मागायला निघालेला मालगुजार

“...पण राणीनं सोनं उधळलं त्या दिवसापर्यंत लोक काय खात होते?”

मनीराम साहेबांनी एवढंच विचारलं आणि डोमाजी कापगते गप्प झाला.

गप्प बसणाऱ्यातला माणूस नव्हे हा. बाघ नदीकाठच्या चिचटोल्यात त्याच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती. गावचा सारा गोळा करायची मालगुजारी जाऊन जमाना लोटला, पण लोक त्याला अजून मालगुजारच म्हणत आणि त्यालाही ते गोड लागे.

त्या दिवशी पौषातली पुनव होती, छेरछेऱ्याचा सण. नवं धान कोठीत येऊन पडलेलं. गावभर पोरंबाळं, बाया, म्हातारे टोपल्या घेऊन ‘छेरछेरा!’ असं ओरडत दारोदार फिरत होते. या दिवशी मागणाऱ्याला लाज नाही आणि घरच्याला ‘नाही’ म्हणायची सोय नाही. जो देतो तोच टोपली उचलून दुसऱ्याच्या दारी मागायलाही जातो, अशी रीतच आहे.

डोमाजी मात्र फक्त देत असे. सकाळी सकाळी धानाच्या पोत्यांची बैलगाडी घेऊन तो गावाबाहेर मनीराम साहेबांच्या कबीरपंथी कुटीत आला. ‘साहेब बंदगी’ म्हणून टेकला आणि कुणी विचारलं नसताना सणाची कथा सांगू लागला. राजा फार वर्षांनी परतला, आनंदाच्या भरात राणीनं प्रजेवर सोन्याची नाणी उधळली, तेव्हापासून हा सण. म्हणजे देणाऱ्यांचा सण, मोठ्या मनाच्या माणसांचा. हे शेवटचं त्यानं आपल्या गाडीकडे बघत सांगितलं.

त्यावर साहेबांचा तो प्रश्न.

“ते... कथेत येत नाही, साहेब.”

“नाही येत. कथा राजवाड्यातली ना.”

साहेब अंबाडीचा दोर वळत बसले होते. वळता वळताच म्हणाले, “माझी आजी दुसरंच सांगे. म्हणे, धान रोवलं आमी, निंदलं आमी, कापलं आमी, अन् गेलं कोणाच्या कोठीत? मंग ज्यानं कापलं त्यालेच मागाले जावं लागे. बाया रडत जात. मंग कोण्या शहाण्यानं सांगतलं, एक दिवस साऱ्यायनंच मागाचं. राजानंबी मागाचं. म्हणजे कोण मजेनं मागून रायला अन् कोण पोटासाठी, हे कोणाले समजाचं नाही.”

“हे कुठं लिहिलंय?” डोमाजीनं जरा घुश्शातच विचारलं.

“लिवणारे जेवून झोपले होते, बाप्पा.”

डोमाजीला हसू आलं नाही. झोपेचं नावही हल्ली त्याला नको वाटे. दिवाळीपासून त्याच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. बायको म्हणे नजर लागली, वैद्य म्हणे पित्त. डोमाजीला खरं काय ते ठाऊक होतं, आणि म्हणून तर तो इथं आला होता.

“साहेब, मला कंठी द्या,” तो एकदम म्हणाला. “शिष्य करून घ्या. तुळशीची माळ गळ्यात पडली की माणसाचं मन थाऱ्यावर येतं म्हणतात. मला झोप पाहिजे, साहेब. दुसरं काही नको.”

साहेबांनी दोर खाली ठेवला. उठले, कोपऱ्यातली बांबूची टोपली आणून त्याच्या मांडीवर ठेवली.

“जा. छेरछेरा मागून आण.”

“मी?”

“गावात दुसरा डोमाजी असंल त त्याले पाठव.”

डोमाजीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. टोपली घेऊन तो बाहेर आला आणि सवयीनं ती गाडीवाल्या गड्याच्या हातात देऊन मोकळा झाला. जन्मभर कामं अशीच झालेली, त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

आतून साहेबांचा आवाज आला, “अन् कंठी? तेबी त्याच्याच गळ्यात बांधू का?”

गड्यानं मान खाली घालून हसू दाबलं. डोमाजीनं टोपली हिसकावून घेतली आणि तरातरा गावाकडे निघाला.

गावात जे झालं त्याला मागणं म्हणायचं की वसुली, देव जाणे. मालगुजार टोपली घेऊन दारात उभा म्हटल्यावर लोकांची त्रेधा उडाली. ‘छेरछेरा’ म्हणायचीसुद्धा वेळ कुणी त्याच्यावर येऊ दिली नाही. एकानं खाट टाकली, दुसऱ्यानं चहा ठेवायला लावला. शेतमजूर बाया आतून सुपं भरभरून आणू लागल्या. एका म्हातारीनं तर धान ओतून वर त्याचे पायही धरले आणि म्हणाली, “मालक, यंदाही आमाले कामावर घ्या जी.” पोरांच्या टोपल्यांत मूठभर पडत होतं, त्याच्या टोपलीत सूपभर. डोमाजीला आधी अवघडल्यासारखं झालं, मग बरं वाटू लागलं आणि शेवटी शेवटी तर मजाही वाटली. इतकी वर्षं उगाच घाबरलो, असं मनाशी म्हणत तो परतला.

“घ्या साहेब. शिगोशीग.”

साहेबांनी टोपलीत हात घातला, मूठभर धान वर काढलं, वास घेतला आणि परत सोडलं.

“सारी घरं झाली?”

“सगळी.”

साहेब त्याच्याकडे बघत राहिले...

“एक राहिलं,” डोमाजी म्हणाला.

साहेबांनी टोपली उचलली, बाहेर नेली आणि डोमाजीच्याच बैलांपुढे पालथी केली. बैलांनी खुशाल तोंडं खुपसली.

“साहेब! लोकांनी सणाचं दिलेलं धान...”

“भेवानं देल्लेलं. तुझंच होतं, तुझ्याच बैलायले गेलं.” साहेब ओट्यावर टेकले. “कोणतं राहिलं?”

डोमाजीला सांगावंसं वाटत नव्हतं. पण रात्ररात्र छताकडे बघत काढण्यापेक्षा एकदाचं बोलून टाकलेलं बरं, असंही वाटत होतं.

“सेवंताबाईचं. झिंगरूच्या बायकोचं.”

झिंगरू त्याच्याकडचा जुना मजूर. मागल्या साली कापणी झाल्यावर डोमाजीच्या खळ्यात धानाच्या भाऱ्यांचं उंच पुंजणं रचताना वरून घसरला आणि कमरेवर पडला, तो अंथरुणालाच खिळला.

“वैद्य बोलावला होता मी,” डोमाजी म्हणाला. “एक पोतं धानही पाठवलं होतं. कोण करतं एवढं?”

“कोणीच नाही करत. पुढं?”

“आश्विनात ती आली. झिंगरू खाटेवर, घरातलं सगळं सरलेलं. नवं धान शेतात उभं, जुनं... जुनं माझ्या कोठीत होतं, साहेब. पुष्कळ होतं. पण मी कामात होतो, माणसं बसली होती. वाटलं, हिला आज दिलं की उद्या सगळी रांग लागेल.” “मी म्हटलं, छेरछेऱ्याला ये, टोपलंभर देतो. हसूनच म्हटलं मी. बसलेली माणसंही हसली. दिवाळीच्या आधीच झिंगरू गेला.”

साहेबांनी रिकामी टोपली जवळ ओढली.

“ती इथंबी नाही आली,” साहेब म्हणाले. “तुझ्याच धानावर चालते ही कुटी. तिले काऊन यावं वाटंल?” त्यांचा आवाज बसला होता. “झोप मलेबी नाही, डोमाजी.”

मग त्यांनी रिकामी टोपली त्याच्यापुढे सरकवली.

सेवंताबाईचं घर धिवरटोली वस्तीच्या टोकाला. डोमाजी पोचला तेव्हा दारात पोरांचा घोळका होता आणि ती उंबऱ्यात बसून एकेकाच्या टोपलीत मूठ मूठ धान घालत होती. यंदा दुसऱ्यांच्या शेतात, बांधीत कापणीला जाऊन मिळालेलं ते धान. गाडगंभर असेल नसेल. पोरं चेकाळून ओरडत होती आणि ती त्यांच्याशी हसून बोलत होती. तिला हसताना बघून डोमाजीच्या जिवाला बरंही वाटलं आणि लगेच लाजही वाटली.

पोरं पांगली. मग तिनं त्याला पाहिलं.

ती उठली नाही. खाटही टाकली नाही. इथं त्याच्यासाठी कुणी धावपळ करणार नव्हतं. रीत होती तसं त्याला मोठ्यानं म्हणायचं होतं. डोमाजीनं तोंड उघडलं.

“छेर... छेरछेरा, सेवंताबाई.”

त्याच्या टोपलीकडे बघत ती बसून राहिली. गाडग्यात अजून धान होतं, ते त्याला दिसत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मूठभर धानासाठी त्याचा जीव कासावीस झाला. एवढी मूठ पडू दे, त्याच्या मनात आलं, एवढी मूठ पडली की सुटलो.

पलीकडच्या घरातली दोन पोरं धावत आली. सेवंताबाईनं दोघांच्या टोपल्यांत घातलं, पोरं गेली. मग गाडग्यावर तिनं ताटली झाकली.

“देतो ना जी,” ती शांतपणे म्हणाली. “आश्विनात या.”

आवाज चढला नाही की डोळ्यांत पाणी नाही. पदरानं हात पुसून ती आत गेली. दार उघडंच होतं. आत जाऊन पाय धरावेत असं डोमाजीला वाटलं, पण पाय उचलेना.

कुटीत परतला तेव्हा तो नुसता पेटला होता.

“नाही म्हणाली! सणाच्या दिवशी, मागायला आलेल्याला नाही म्हणाली! चिचटोल्यात असं कधी झालं नाही, साहेब. उभा गाव देतो आज. पोरांना दिलं तिनं, माझ्या डोळ्यांदेखत दिलं. गाडग्यात होतं आणि मला म्हणाली...”

पुढचं बोलताना त्याचा आवाज फाटला.

“आश्विनात या म्हणाली.”

डोमाजी टोपली छातीशी धरून मटकन खाली बसला. चिडलेला माणूस बघता बघता रडू लागला, आणि मालगुजार रडतोय हे बघून गाडीवाला गडी नदीकडे तोंड करून उभा राहिला.

“सगळी गाडी तिच्या दारात रिकामी करतो, साहेब. कोठी मोकळी करतो.”

“ती घेईल?”

“...नाही घेणार.”

“मंग?”

“निदान कंठी तरी द्या.”

“तुळशीच्या मण्यायनं झोप येत असती,” साहेबांनी आपल्या गळ्यातल्या माळेला हात लावला, “त मले आली असती.”

दुपार कलली. गावातली ओरड थांबत आली होती, घराघरांतून नव्या तांदळाचा वास येऊ लागला होता. डोमाजीनं डोळे पुसले.

“जाईन मी,” तो म्हणाला. “आश्विनात जाईन. हीच टोपली घेऊन जाईन. पण आश्विन यायला उन्हाळा सरायचा, पावसाळा सरायचा. तोवर... तोवर मी काय करू, साहेब?”

साहेबांनी अर्धा वळलेला दोर पुन्हा हातात घेतला.

“वाट पाह. झिंगरूनं पाह्यली.”