पास्त्याचं पाणी

“त्याचं पाणी संपलं, यात माझी काय चूक, बाबा? तुम्हीच सांगा.”

सौमित्रने हे तिसऱ्यांदा विचारलं. सखाहरीबाबा गुहेच्या तोंडाशी बसून काडीने दात कोरत होते.



मी आत भांडी आवरत होतो. एप्रिलची दुपार. गडावरची कातळात खोदलेली दोन्ही टाकी कोरडी ठणठणीत. प्यायचं पाणी खालच्या वाडीतून येतं, आणि ते डोक्यावरून आणतो मी. वय पन्नास, गुडघे कामातून गेलेले. तेव्हा माझं बोलणं जरा आंबट लागलं तर समजून घ्या.

सौमित्र बाबांकडेच डोंगर शिकला. मीही. पण तो मोठा झाला आणि मी हंडे वाहतो. तो लोकांना डोंगरात फिरवतो, आणि सॅक पाठीवर टाकून फिरणाऱ्यांनी काय शिजवावं ते फोनवर व्हिडिओ टाकून सांगतो. त्याचे पास्त्याचे प्रकार हजारो लोक बघतात म्हणे. बघोत बापडे.

मागच्या एप्रिलात तो आणि त्याचा मित्र यतीन, दोघंच या गडाच्या मागच्या धारेवर गेले. एक रात्र तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी भर उन्हात यतीन कोसळला. बाबा पहिले पोचले. त्यांनी त्याला पाठीवर घेतलं आणि वाट धरली. वाडी आली तेव्हा पाठीवरचा पोरगा गेलेला होता.

“त्याची आई मला दारात उभं करत नाही,” सौमित्र म्हणाला. “वर्ष झालं. तुमचं ती ऐकेल. तुम्ही आणलंत त्याला खाली. एकदा चला आणि एवढंच सांगा, की यतीनने त्याची बाटली दहा वाजताच संपवली. खोटं थोडंच आहे?”

“खोटं नाही,” बाबा म्हणाले.

“मग?”

बाबांनी काडी फेकली.

“त्या संध्याकाळी काय जेवलात?”

“पास्ता.”

“कर.”

“आत्ता?”

“भूक लागलीय. त्या दिवशी केलास तसाच कर.”

सौमित्रला बरं वाटलं, हे मला दिसलं. हे त्याच्या हातचं काम. त्याने सॅकमधून बोटभर उंचीचा गॅस काढला, पातेलं काढलं, पास्त्याचं पाकीट काढलं.

“दीड लिटर पाणी,” तो मला म्हणाला. फोनवर बोलतो त्याच आवाजात.

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान हलवली.

मी ओतलं. सकाळी दीड तास चढून आणलेला हंडा होता तो. मनातल्या मनात काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही.

पाण्यात मीठ पडलं. उकळी फुटली. पास्ता आत गेला आणि सौमित्रची गाडी सुरू झाली.

“पाणी भरपूर पाहिजे, नाहीतर चिकटतो. वजनाला काही नाही, टिकतो महिनाभर, आठ मिनिटांत तयार. वरून टोमॅटोची पावडर, चीजचे दोन क्यूब. कधी आपली लसणाची चटणी. सुकट घालूनही मस्त होतो. असे सात प्रकार आहेत माझ्याकडे, बाबा. डोंगरात याच्याइतकं सोपं जेवण नाही.”

बाबा ऐकत होते. आमचं इथलं जेवण म्हणजे भात. त्याचं पाणीसुद्धा आम्ही फेकत नाही. मीठ घालून पेज म्हणून पितो. पहिल्या दिवशी शिकायला आलेल्याला बाबा तीच वाटी पुढे करतात. सौमित्रलाही केली होती, यतीनलाही.

आठ मिनिटं झाली. सौमित्रने घड्याळ बघितलं, फडकं घेतलं, पातेल्यावर झाकण दाबलं आणि कड्याच्या बाजूला जाऊन ते तिरपं केलं.

पांढरट पाणी वाफा टाकत कातळावर गेलं. तापलेला कातळ. बघता बघता डागही उरला नाही.

माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाबांनी हात वर केला.

“यतीन कुठं बसला होता?”

“कधी?”

“तू हे ओतलंस तेव्हा.”

पातेलं तसंच तिरपं राहिलं.

“समोरच... दगडावर.”

“गप बसला होता?”

सौमित्रने पातेलं सरळ केलं.

“सौमित्र.”

“म्हणाला...” त्याचा आवाज एकदम बारीक झाला. “म्हणाला, ठेव ना रे थोडं. बाबांकडे पितो तशी पेज पिऊ.”

“आणि तू?”

“हसलो.”

“म्हणालास काय?”

“म्हटलं, पास्त्याचं पाणी कोण पितं, येड्या. उद्या टाक्यावर पोटभर पी.”

“आणि टाकं?”

“कोरडं होतं, बाबा.”

खाली वाडीत कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. माझा राग कुठे गेला कळलं नाही. हे ऐकायला आपण इथे नसतो तर बरं झालं असतं, असं मात्र वाटलं.

बाबा उठले. सौमित्रच्या हातातून पातेलं घेतलं, चटणी कालवली, तीन ताटल्यांत वाढलं. स्वतः जेवले. ताटली बोटाने पुसून घेतली. मीही कसाबसा जेवलो. सौमित्रची ताटली होती तशीच राहिली.

“हे मी कुणालाच बोललो नव्हतो,” तो म्हणाला.

“हं.”

“पोलिसांना नाही. घरी नाही.”

“हं.”

“बाबा... यतीनच्या आईला हे सांगू नका. पाया पडतो तुमच्या.”

“मी नाही सांगणार. ते सांगणं माझं काम नाही.”

सौमित्रने डोळे पुसले. खाली बघतच त्याने पुन्हा विचारलं.

“मग... याल ना तिच्याकडे?”

बाबांनी मुंडासं झटकलं, डोक्याला गुंडाळलं. कोपऱ्यातली काठी घेतली. रिकामं पातेलं उचलून त्यांनी सौमित्रच्या मांडीवर ठेवलं.

“येतो. हे घे बरोबर.”