शाल्मलीचं मनगट

“पण माई, पळता पळता पुन्हा सुरू झालं तर?”

नदीकाठच्या मठात बसून मी तिथल्या माईंना तेच पुन्हा विचारत होते. माझ्या डाव्या हातात लेकीचं, शाल्मलीचं, मनगट होतं. नमस्कारसुद्धा मी एका हातानेच उरकला होता.

शाल्मली आठ वर्षांची. जन्मापासून तिच्या हृदयात विजेची एक जास्तीची वाट होती. बसल्या बसल्या बटण दाबल्यासारखी धडधड सुरू व्हायची, आणि तशीच खटकन थांबायची. उन्हाळ्यात मांडीतल्या शिरेतून बारीक नळी घालून डॉक्टरांनी ती वाट बंद केली. परवाच्या तपासणीत म्हणाले, “बरी झाली. आता मनसोक्त खेळू द्या.”

“मग?” माई म्हणाल्या.

“डॉक्टरांचं काय, ते बोलतात...”

“आणि मी काय बोलू?”

“तुम्ही सांगा ना तिला, पळू नको म्हणून.”

माई खो खो हसल्या. “म्हणजे उत्तर घरूनच घेऊन आलीस. डब्यासारखं!”

डबा मी खरंच आणला होता.

मठात उत्सवाचा काला वाटणं चाललं होतं. माईंनी पातेलं पुढे ओढलं.

“ओंजळ कर.”

“एका हातात द्या ना, माई.”

“काला एका हातात घेतात होय गं?”

मी मनगट सोडलं. माईंनी ओंजळ काठोकाठ भरली. दही माझ्या कोपरापर्यंत ओघळलं.

शाल्मलीने आपल्या मोकळ्या हाताकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.

...आणि सुटली!

फ्रॉक वर धरून, पोरांच्या घोळक्यामागे, पार चिंचेपर्यंत.

“माई, हात... हात धुऊन येते!”

“आधी खा.”

ती परत आली ती लालबुंद होऊन. “आई, ऐक ना!” माझं डोकं धरून तिने छातीशी दाबलं.

धडधड, धडधड, धडधड...

मी मोजायला लागले. ती खिदळली, माझा आकडा चुकला. पुन्हा लागले, पुन्हा चुकला. मग नुसतीच ऐकत राहिले. ते खटकन थांबलं नाही. जिना उतरल्यासारखं, हळूहळू, आपलं आपण खाली आलं.

“माई... अहो, हे नुसतं पळाल्यामुळे धडधडत होतं!”

माई शाल्मलीकडे वळल्या.

“जा गं... आता आईलाही जरा पळवून आण.”