पंचमीला कापायचं नसतं

जाईच्या मळ्याला लागून एक इवलंसं घर होतं. घर कसलं, चार कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर! तिथे आठ वर्षांची शेवंता आणि तिची आत्या राहायच्या. शेवंताच्या परकराला नऊ ठिगळं होती. लाल, पिवळी, पोपटी, मिळेल त्या चिंधीची. पोरीच्या मनाला मात्र एकही ठिगळ नव्हतं.

आत्या आधी खूप जाड होती. गुडघे कुरकुरायचे, दोन पावलं टाकली की धाप लागायची. मग तिने मनावर घेतलं. दोन वर्षं रोज टेकडी चढली, जिभेला आवर घातला आणि चक्क निम्मी झाली! सगळ्या गावाने तोंडात बोटं घातली. पण अंग आटलं तरी कातडी काही आटली नाही. कापूस काढून घेतलेल्या उशीच्या अभ्र्यासारखी ती दंडांवर, पोटावर लोंबायची. म्हणून आत्या भर उकाड्यातही मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालायची. नागपंचमीला वडाखाली फुगड्या रंगायच्या, तेव्हा ती घरात बसून राहायची. एके काळी तिच्यासारखी फुगडी पंचक्रोशीत कुणी घालत नव्हतं म्हणे! शेवंताला एकदा, फक्त एकदाच, आत्याबरोबर फुगडी घालायची होती.

त्या पंचमीला शेवंता मळ्यात गजरे ओवायला बसली. दोरे तिने आदल्या दिवशीच तोडून ठेवले होते. त्यांच्या गुंत्यात काहीतरी चमचमलं. पाहते तर काय, बोटाएवढी परी! मोरपंखी झगा, दवाचे पैंजण आणि नाजूक पंख दोऱ्यांत पुरते अडकलेले.

"तोड ना गं दोरा," परी मुसमुसत म्हणाली.

"आज पंचमी आहे, परीताई. आज चिरायचं नाही, कापायचं नाही. थांब हं, मी सोडवते."

शेवंता एकेक गाठ सोडवत बसली. दुपार टळली, गजरे तसेच राहिले. पण परीच्या पंखाला साधा ओरखडाही आला नाही.

"गुणाची गं माझी बाय!" परी भुर्रकन उडाली. "माग एक वर. पण नियम ऐक. सूर्य मावळायच्या आत मागायचं. आणि दुसऱ्याच्या अंगाचं काही मागायचं असेल, तर ज्याचं अंग त्यानेच बोलायचं."

शेवंताच्या डोळ्यांपुढे नवाकोरा जरीकाठी परकर भिरभिरला. तो तिने बाजूला सारला, परीला आत्याच्या लोंबत्या कातडीचं सांगितलं आणि ती धावत जाऊन आत्याला घेऊन आली.

परीने चांदीची चिमुकली कात्री काढली. "जास्तीची कातडी कापीन, किरणांच्या धाग्याने शिवीन. थोडं दुखेल, बारीकसा वण राहील. महिनाभर हात उचलायचा नाही. मग दंड कसे छान गुळगुळीत! बोला आत्याबाई, करू?"

आत्या बांधावर टेकली. "शहरातल्या डॉक्टरीणबाईही हेच म्हणाल्या होत्या. एक दिवस वाटतं, करून टाकावं. दुसऱ्या दिवशी वाटतं, राहू दे की, याच अंगाने टेकडी चढले मी. मला अजून ठरवता येत नाही गं. आणि आज तर पंचमी."

"मग वर फुकट जाईल," परी हळहळली. सूर्य टेकडीला टेकला होता.

शेवंताने आत्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिला फार वाईट वाटलं आणि त्यातच तिला सुचलं. "परीताई, माझा वर ठरला. आत्याला घाई नको. तिला वाटेल तेव्हा तिने मागावं, नाही वाटलं तर कधीच मागू नये. सूर्याने मध्ये पडायचं नाही!"

परी बघतच राहिली. मग खुदकन हसली आणि तिने आत्याच्या ओंजळीत एक मिटलेली कळी ठेवली. "ही कधी कोमेजणार नाही. तुमच्याच फुंकरीने उमलेल, दुसऱ्या कुणाच्या नाही."

आत्याने कळी अंबाड्यात खोवली. मग तिने बाह्यांची बटणं सोडली आणि बाह्या पार खांद्यापर्यंत दुमडल्या.

"शेवंते, हात दे."

काय ती फुगडी! जाईचे वेल गरगरले, आभाळ गरगरलं. आत्याच्या दंडांची कातडी फटफट हलायला लागली. "बघ, माझे दंडसुद्धा टाळ्या वाजवतात!" म्हणत आत्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. इतकी आनंदात शेवंता कधीच नव्हती.

फुगडी थांबली तेव्हा परकरावरच्या नऊ ठिगळांची नऊ जरीची फुलं झाली होती. परी कुठेच दिसेना. वेलींवर फक्त सोनेरी उजेड थरथरत होता, आणि बघता बघता तोही विरून गेला.

दोघी तशाच वडाखाली गेल्या. बायका बघायला लागल्या. शेजारच्या काशीकाकूला राहवेना. "अगो बाई! हे आता कापून घेणार का गं तू?"

"बघू की," आत्या म्हणाली, "आज पंचमी आहे." आणि तिने काकूपुढे दोन्ही हात धरले.