जालिंदरची गोळी

"म्हणजे मला कळलेलं असूनही मी म्हणायचं, की मला कळलेलं नाही?"

डॉक्टर मंदार गायधनी आता बाईंच्या टेबलावर चढायचाच काय तो बाकी होता. पोरगा हुशार, यात वाद नाही. पण हुशारी जरा डोक्यात गेलेली.

बाई म्हणजे डॉक्टर कुमुदिनी शेंडगे. त्यांची उभी हयात फिटच्या पेशंटांत गेली. मी त्यांच्या ओपीडीतली सिस्टर, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मंदार त्यांच्या हाताखाली नव्या औषधाची चाचणी करत होता. पेशंटनं नेहमीच्या गोळ्या चालू ठेवायच्या, वर एक जादा गोळी घ्यायची. कुणाच्या गोळीत नवं औषध, कुणाची नुसती पिठाची. कुणाला कुठली मिळाली, हे चाचणी संपेपर्यंत पेशंटला कळायचं नाही आणि डॉक्टरलाही नाही.

"तुला काय कळलंय?" बाईंनी विचारलं.

"जालिंदरचं, बाई! आपला बँडवाला जालिंदर. दर आठवड्याला फिट यायची त्याला. वर्ष होत आलं, एकही नाही. हे नवं औषध नाही तर काय? मी तर सगळ्या मीटिंगांत त्याचंच उदाहरण देतो."

बाई चष्मा पुसत राहिल्या.

"चाचणी काल संपली, मंदार. कुणाची गोळी कुठली, ते उघड झालंय."

"मग?"

"जालिंदरची पिठाची होती."

...

मंदार मटकन खुर्चीत बसला. खोटं कशाला बोलू, मला हसू आलं. पण त्याचं तोंड बघून ते गिळलं.

"त्याला सांगू नका, बाई," तो हळूच म्हणाला. "रविवारी त्याच्या बहिणीचं लग्न आहे. वरातीत ट्रम्पेट वाजवू का, एवढंच विचारायला आलाय तो. बाहेर बसलाय. हे ऐकलं तर हाय खाईल. फिट परत येईल."

"मी कशाला सांगू? तू सांग."

"मी?"

बाईंनी मला खूण केली. मी दार उघडलं.

जालिंदर आत आला. काखोटीला मालकाकडनं मागून आणलेलं ट्रम्पेट, पायांत पॉलिश केलेले बूट. मागं एकदा ऐन वरातीत तो पडला होता. लोकांनी नाकाला चप्पल लावली, कांदा लावला, आणि बँडच्या मालकानं ट्रम्पेट काढून घेऊन हातात खुळखुळा दिला. तेव्हापासून तो सगळ्यात मागं उभा राहायचा.

"साहेब, वाजवू ना? डॉक्टर हो म्हणाले तर मालक पुढं उभा करतोय."

मंदारनं जमिनीकडं बघत सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही, हे मात्र त्याचं मोठेपण.

...

"आयला!" जालिंदर म्हणाला. "म्हणजे मी पीठ खाऊन सुधारलो?"

आणि असा खदाखदा हसला, की बाहेरचे पेशंट डोकावले.

"पिठानं फिट थांबत नाही रे," बाई म्हणाल्या. "तुझ्या नेहमीच्या गोळ्या आधी कशा घ्यायचास?"

जालिंदरनं डोकं खाजवलं.

"आता तुमच्यापासून काय लपवायचं? लगीनसराईत टाळायचो. झोप यायची, वाजवायला दम पुरायचा नाही. पण या चाचणीत साहेबांचा रोज फोन. गोळ्या घेतल्या का? जेवलास का? मग झोप आता! एकदा विसरलो म्हणालो, तर असं झापलं... बायको म्हणते, माझ्या सासऱ्यापेक्षा हा डॉक्टर कडक. मग काय, सगळ्याच गोळ्या पोटात जायला लागल्या."

"ते मी चाचणी बिघडू नये म्हणून करत होतो," मंदार पुटपुटला.

"करत होता ना? झालं तर मग! आता वाजवू का, तेवढं सांगा."

मंदारनं बाईंकडं पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या.

...

"वाजव," मंदार म्हणाला. "पण वरात झाली की सरळ घरी. जागरण नाही. आणि गोळ्या सुटायच्या नाहीत, कळलं?"

"फोन करणार ना?"

"करीन की, बाबा!"

जालिंदरला कुठला दम निघायला? व्हरांड्यातच ट्रम्पेट तोंडाला लावलं. दवाखान्यात आवाज करू नये हे मलाही ठाऊक आहे, पण अडवायला माझे पाय हलले नाहीत. एका म्हाताऱ्यानं टोपी उडवली. दोघी बायकांनी बाकड्यावर बसल्या बसल्या ताल धरला. इतका आनंद आमच्या ओपीडीनं कधी बघितला नव्हता.

मंदार दारात उभा. डोळे पुसत होता आणि हसतही होता.

"बाई, माझं औषध मग फुकटच?"

"एका जालिंदरवरून ते हरत नाही आणि जिंकतही नाही. बाकीच्यांचं काय झालं ते नीट बघ."

"बघतो. पण जालिंदरच्या बाबतीत कशानं गुण आला म्हणून लिहू? आपल्या अहवालात त्याला रकानाच नाही."

...

बाईंनी बाकड्याकडं बोट केलं. तिथं पहिल्यांदाच आलेली एक पोरगी आईच्या मांडीवर डोकं टेकून ट्रम्पेट ऐकत होती.

"तिच्या आईचा फोन नंबर घेतलास का रे?"